विजेची सुरक्षा ठेव : मागणी तपासण्यापासून परतावा हाती येईपर्यंत

वीजबिल दर महिन्याला मुदतीत भरणाऱ्या ग्राहकाच्या हाती एके दिवशी नेहमीच्या बिलाखेरीज आणखी एक बिल पडते. त्यावर ‘अतिरिक्त सुरक्षा ठेव’ एवढे शब्द आणि एक रक्कम असते. काडीचीही थकबाकी नसताना ही मागणी कशापोटी आली, हे मात्र त्या कागदावरून उमगत नाही. कार्यालयात चौकशी केली तर रक्कम संगणकानेच काढली आहे, असे उत्तर मिळते. घर किंवा दुकान सोडून गेलेल्याची तक्रार वेगळी असते. जोडणी बंद करून महिने लोटले तरी पूर्वी भरलेली ठेव परत आलेली नसते आणि प्रत्येक खेपेला एखादा नवा कागद मागितला जातो.

या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ठेव ही कंपनीची मिळकत नव्हे. ते ग्राहकाचेच पैसे असतात आणि कंपनीकडे ते तारण म्हणून पडून असतात. बँकेतल्या ठेवीची पावती आपण कपाटात जपून ठेवतो, व्याज जमा झाले की नाही ते पाहतो, मुदत केव्हा संपते हे लक्षात ठेवतो. विजेच्या ठेवीची पावती मात्र पहिल्याच घरबदलात गहाळ होते, कारण तो जोडणी घेण्याचा खर्च होता अशी आपली समजूत झालेली असते आणि कंपनीही ती समजूत दूर करायला जात नाही. ठेवीकडे स्वतःचे खाते म्हणून पाहणाऱ्या ग्राहकाला पुढे सांगितलेल्या गोष्टी अवघड जाणार नाहीत.

ठेव घेतली जाते ती का

वीज आधी वापरली जाते आणि तिचे पैसे मागाहून येतात. महिन्याचा वापर पूर्ण झाल्यावर मीटरचे रीडिंग होते, त्यानंतर साधारण आठवड्याने बिल हाती येते, भरणा करण्यासाठी दोन-तीन आठवडे मिळतात, बिल थकल्यास नोटीस निघते आणि त्या नोटिशीची मुदत संपल्यावरच पुरवठा खंडित करता येतो. भारतात विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे ही नोटीस पूर्ण १५ दिवसांची असावी लागते. वापराचे ३० दिवस, बिलाचे ७, भरण्याच्या मुदतीचे २१ आणि नोटिशीचे १५ असा हिशेब धरला, तर ७३ दिवस होतात आणि या सगळ्या दिवसांत मीटर चालूच असतो. ग्राहक बिल न भरता निघून गेला, तर एवढ्या काळाच्या विजेचे पैसे बुडतात आणि तो तोटा शेवटी वेळेवर पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या दरांत येऊन बसतो. त्यामुळे ठेव घेणेच मुळात अन्याय्य आहे, असे मला वाटत नाही. मासिक बिल असणाऱ्या ग्राहकाकडून अनेक ठिकाणी साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव का मागितली जाते, याचेही उत्तर या ७३ दिवसांतच आहे.

हाच हिशेब ग्राहकाच्या उपयोगालाही येतो. बिल दोन किंवा तीन महिन्यांनी येत असेल तर उधारीचा काळ वाढतो आणि ठेवही वाढते. म्हणून मासिक बिलाची सोय उपलब्ध असल्यास ती मागून घेण्यात फायदा असतो. उलट प्रीपेड मीटरवर पैसे आधी भरले जातात, तेव्हा तारण ठेवण्याचे कारणच उरत नाही. भारताच्या याच कायद्याचे कलम ४७ सांगते की, ग्राहक प्रीपेड मीटरमधून वीज घेण्यास तयार असेल तर कंपनीला ठेव मागता येणार नाही. ब्रिटनमध्येही वीजपुरवठादारांच्या परवान्याच्या अटींत घरगुती ग्राहकांसाठी याच आशयाची तरतूद आहे.

मागणीची रक्कम स्वतः काढून पाहावी

ठेवीची मागणी आली की पहिले काम म्हणजे मागील बारा महिन्यांची बिले समोर मांडणे. बिले जपून ठेवली नसतील तर कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून ती बहुधा पुन्हा मिळतात. प्रत्येक महिन्याची रक्कम एका कागदावर लिहावी, बेरीज करावी, बाराने भागावे आणि आलेल्या सरासरीला आपल्या भागातील नियमाप्रमाणे जितक्या महिन्यांची ठेव असेल त्या आकड्याने गुणावे. त्यातून कंपनीकडे आधीच जमा असलेली ठेव वजा केली की अतिरिक्त मागणी उरते. जमा ठेवीचा आकडा सहसा नेहमीच्या बिलावरच कोपऱ्यात छापलेला असतो. आजवर तो वाचला नसेल तर आजच शोधावा.

समजा, वर्षातील नऊ महिने बिल प्रत्येकी १०० आले आणि वापर जास्त असलेल्या तीन महिन्यांत प्रत्येकी १८० आले. वर्षाची बेरीज १,४४० होते आणि सरासरी १२०. नियम दोन महिन्यांचा असेल तर एकूण ठेव २४० हवी. आधीची १७० जमा असेल तर अतिरिक्त मागणी ७० ची यायला हवी. आता याच वर्षात एका महिन्यात मीटर बिघडला, १०० च्या जागी ६०० चे बिल आले, ग्राहकाने तक्रार केली आणि कंपनीने पुढच्या बिलात जास्तीची रक्कम वळती करून दिली, असे समजा. ठेवीचा हिशेब करताना ते मूळचे ६०० तसेच धरले गेले, तर बेरीज १,९४० होते, सरासरी सुमारे १६२, दोन महिन्यांची ठेव सुमारे ३२३ आणि अतिरिक्त मागणी १५३ ची येते. बारांपैकी एक बिल चुकले आणि मागणी दुपटीहून अधिक झाली. बिलातील चूक दुरुस्त झाली म्हणून ग्राहक निश्चिंत असतो, आणि तीच चूक ठेवीच्या दाराने परत येते.

म्हणून बेरीज जुळली की तपासणी संपली, असे समजू नये. बेरजेत काय काय शिरले आहे तेही पाहावे. मागील थकबाकी पुढच्या महिन्याच्या बिलात ‘एकूण देय’ म्हणून पुन्हा छापली जाते, आणि ठेवीसाठी चालू महिन्याच्या आकाराऐवजी ही एकूण देय रक्कम धरली गेली तर तोच वापर दोनदा मोजला जातो. घर कुलूपबंद असताना अंदाजाने काढलेली बिले, मीटर बदलल्याचा किंवा पुनर्जोडणीचा एकदाच लागलेला आकार, पूर्वीच्या रहिवाशाच्या काळातला वापर, या गोष्टीही हिशेबात असता कामा नयेत. वर्षाच्या मध्यावर छतावर सौर पॅनेल बसवले असेल, किंवा एखादे यंत्र कायमचे बंद झाले असेल, तर मागील बारा महिन्यांची सरासरी पुढच्या काळाला लागू पडत नाही. अशा वेळी बदलानंतरची बिले जोडून ठेव कमी करण्याचा अर्ज करणे रास्त आहे.

नवीन जोडणी घेताना मागील बिलेच नसतात, त्यामुळे मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेता येईल याची मर्यादा) किंवा अंदाजित वापर यांवरून रक्कम ठरते. येथे अर्जात लिहिलेला भार निर्णायक ठरतो. पुढेमागे लागेल म्हणून भार जास्त लिहून दिला, तर ठेव पहिल्या दिवसापासून जास्त भरावी लागते आणि काही ठिकाणी वापर कितीही असला तरी दरमहा लागणारा स्थिर आकारही वाढतो. सूत्र जागोजागी बदलते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ठेवीची कमाल मर्यादा म्हणजे पुढील दोन महिन्यांचे अंदाजित बिल किंवा वर्षाच्या अंदाजित बिलाचा पाचवा हिस्सा, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. वरच्या उदाहरणात वर्षाचा पाचवा हिस्सा २८८ होतो. पण जोडणी जास्त वापराच्या महिन्यांच्या तोंडावर घेतली तर पुढील दोन महिन्यांचे ३६० होतात. घर तेच आणि माणसेही तीच असली, तरी केवळ जोडणी कोणत्या महिन्यात घेतली यावरून मर्यादा बदलते.

हिशेब लेखी मागावा

आपला आकडा आणि कंपनीचा आकडा जुळला नाही, तर खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नसतो. समोरच्या कर्मचाऱ्याने ती रक्कम काढलेली नसते आणि बदलण्याचा अधिकारही त्याला नसतो. त्याच्याशी सौजन्याने बोलून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही घ्यावी. ही पोच पुढे प्रत्येक पायरीवर लागते. अर्ज लांबलचक असण्याची गरज नाही. त्याचा मजकूर असा असावा :

“आपल्या दिनांक … च्या बिलाने माझ्या जोडणीसाठी, ग्राहक क्रमांक …, … इतक्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी करण्यात आली आहे. ही रक्कम काढताना धरलेले बारा महिने, त्यांपैकी प्रत्येक महिन्याची रक्कम, लावलेला नियम आणि माझ्या नावे आज जमा असलेली ठेव यांचा तपशील लेखी द्यावा. … या महिन्याचे बिल मीटर नादुरुस्त असताना आकारले होते व नंतर ते दुरुस्त करून देण्यात आले. दुरुस्तीपूर्वीची रक्कम हिशेबात धरली असल्यास मागणी सुधारून द्यावी. या अर्जाचा निर्णय होईपर्यंत ठेवीच्या कारणावरून पुरवठा खंडित करू नये.”

अर्जात राग नको, जुन्या कहाण्याही नकोत. चार गोष्टींचा तपशील मागितला की कंपनीला एकतर तो द्यावा लागतो किंवा चूक मान्य करावी लागते. नुसते ‘ठेव फार जास्त आहे’ असे लिहिले तर ‘नियमाप्रमाणे आहे’ एवढ्या दोन शब्दांत उत्तर येते.

मात्र मागणीकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. भारतातील कलम ४७ प्रमाणे ठेव अपुरी पडल्यास कंपनी नोटीस देऊन ३० दिवसांच्या आत ती भरण्यास सांगू शकते आणि ग्राहकाने न भरल्यास पुरवठा बंद करू शकते. इतर देशांतही परिणाम फारसा वेगळा नसतो. मुदत संपत आली आणि अर्जाचे उत्तर आले नाही, तर रक्कम ‘हरकत राखून’ भरावी, म्हणजे भरणा मागणी मान्य असल्याचा पुरावा ठरणार नाही, असे लेखी कळवून भरावी. घरात श्वासोच्छ्वासाचे किंवा अन्य वैद्यकीय यंत्र विजेवर चालत असेल, तर तत्त्वासाठी पुरवठा पणाला लावू नये.

ठेव भरताना आणखी एक चूक सर्रास होते. ठेवीचे बिल वेगळे आणि वापराचे बिल वेगळे असेल, तर ग्राहक दोन्ही रकमा एकत्र करून वापराच्या बिलापोटी भरून टाकतो. अशा वेळी जादा रक्कम आगाऊ भरणा म्हणून खात्यात पडते, पुढच्या महिन्याच्या बिलात ती वळती होते आणि ठेवीची मागणी तशीच उभी राहते. पैसे तर गेले आणि वर नोटीसही आली, असे वाटणाऱ्या कित्येकांची हकिकत एवढीच असते. ठेव ठेवीच्याच नावाने भरावी आणि पावतीवर ‘सुरक्षा ठेव’ हे शब्द आहेत याची तिथल्या तिथे खात्री करावी.

एकरकमी भरणे जमत नसेल तर

रक्कम बरोबर असली तरी ती एकदम उभी करणे अनेक कुटुंबांना झेपत नाही, आणि यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. हप्त्यांची सोय पुष्कळ कंपन्या देतात, पण मागणीपत्रावर ती ठळकपणे लिहिलेली नसते. म्हणून मुदत संपण्याआधीच अर्ज करून हप्ते मागावेत आणि मंजुरी लेखी घ्यावी. तोंडी दिलेल्या हप्त्यांची संगणकात नोंद झाली नाही, तर यादीत ग्राहकाचे नाव थकबाकीदार म्हणूनच दिसते.

काही ठिकाणी पैशांऐवजी पत दाखवूनही भागते. पूर्वीच्या कंपनीकडून वेळेवर भरणा केल्याचे पत्र, एखाद्या जुन्या ग्राहकाची हमी, मोठ्या उद्योगांच्या बाबतीत बँकेची हमी, असे हे मार्ग आहेत. टेक्सासमधील घरगुती ग्राहक ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि त्याच्याकडे वीजखात्याची चालू थकबाकी नसेल, तर त्याची पत पुरेशी मानून त्याला ठेवीतून सूट मिळू शकते. कौटुंबिक हिंसाचाराला बळी पडलेल्या व्यक्तीसाठीही तेथे अशी सवलत आहे. हिंसा सोसून घराबाहेर पडलेल्या स्त्रीला पहिल्याच दिवशी विजेच्या ठेवीसाठी अडवले जाऊ नये, एवढे भान एखाद्या नियमाने ठेवणे मला मोलाचे वाटते. आपल्या भागात अशी सवलत आहे का, हे प्रत्येकाने विचारावे. न विचारता ती आपणहून लागू होत नाही.

जेथे पत-अहवाल, म्हणजे कर्जे आणि देणी वेळेवर फेडली की नाही याची नोंद, पाहून ठेव ठरवली जाते, तेथे तो अहवालच चुकीचा असण्याची शक्यता असते. अमेरिकेत संघीय कायद्याप्रमाणे पत-अहवालाच्या आधारे ठेव मागितली, तर कंपनीला तसे ग्राहकाला कळवावे लागते आणि ग्राहक ६० दिवसांच्या आत त्या अहवालाची प्रत विनामूल्य मागू शकतो. नाव सारखे असल्यामुळे दुसऱ्याचीच थकबाकी आपल्या माथी मारली गेली असेल, तर ती याच वेळी उघडकीला येते.

प्रीपेड मीटर हा ठेवीपासून सुटका देणारा सर्वांत सरळ मार्ग दिसतो, पण तो स्वीकारण्याआधी घरातल्या परिस्थितीचा विचार करावा. शिल्लक संपली की वीज जाते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ती तोडली जात नाही का, थोडी उसनी शिल्लक मिळते का, दर तोच राहतो का आणि आधी भरलेली ठेव परत केव्हा मिळणार, हे चार प्रश्न विचारून मगच सही करावी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष आग्रहाने घ्यावे, कारण मीटर बदलला की जुनी ठेव लोक विसरून जातात.

आज रात्री ठेव भरा नाहीतर वीज तोडू, असा संदेश अनोळखी क्रमांकावरून आला, तर तो फसवणुकीचा समजावा. त्यातील दुव्याला हात लावू नये आणि छापील बिलावरच्याच क्रमांकावर चौकशी करावी.

व्याज कोठे दिसते

ठेव वर्षानुवर्षे कंपनीकडे राहते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यावर व्याज देणे कंपनीवर बंधनकारक असते. भारतात ते किमान बँक दराइतके (रिझर्व्ह बँक जाहीर करते तो दर) असावे लागते. राज्याचा वीज नियामक आयोग त्याहून अधिक ठरवू शकतो. व्याज बहुतेक वेळा हातात दिले जात नाही, वर्षातून एकदा बिलातून वजा होते. एका ओळीत, वजाचे चिन्ह लावलेला छोटासा आकडा, एवढेच त्याचे दर्शन. २४० च्या ठेवीवर सहा टक्क्यांनी वर्षाचे १४ रुपये ४० पैसे किंवा त्या देशाच्या चलनात तेवढेच होतात. पण दहा वर्षे कोणी पाहिलेच नाही तर ते १४४ होतात. ज्या महिन्यात व्याज जमा होते त्या महिन्याच्या बिलावर खूण करून ठेवावी आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात ती ओळ शोधावी. नाव बदलल्यानंतर किंवा ग्राहक क्रमांक नवा मिळाल्यानंतर ती ओळ नाहीशी झाली, तर ठेव जुन्या क्रमांकावरच अडकली आहे असे समजावे आणि ती वर्ग करून घ्यावी.

टेक्सासमध्ये घरगुती ग्राहकाने सलग १२ बिले विलंब न करता भरली, तर जोडणी चालू असतानाच ठेव परत करावी लागते. असा नियम लागू असलेल्या ग्राहकाने तेरावे बिल नीट वाचावे.

ठेव कोणाच्या नावावर आहे

परताव्याच्या बहुतेक तंट्यांचे मूळ येथे असते. कंपनीच्या लेखी ठेव ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याची. प्रत्यक्षात ती कोणाच्या खिशातून गेली याच्याशी तिला कर्तव्य नसते. भाडेकरूने मालकाच्या नावावरच्या जोडणीची अतिरिक्त ठेव भरली, तर परतावा मालकाला मिळतो. म्हणून भाडेकराराच्या कागदात एक वाक्य असावे : करारकाळात भाडेकरूने भरलेली अतिरिक्त सुरक्षा ठेव, भाडेकरू घर सोडतेवेळी मालक त्याला परत करील. हे वाक्य करारात घालायला एक मिनिट लागते. ते नसेल तर दोन भल्या माणसांतही कटुता येते.

घर विकत घेताना विक्रेत्याच्या नावावरची ठेव व्यवहारात धरली आहे की नाही, हे स्पष्ट करून घ्यावे. धरली असेल तर ती आपल्या नावावर वर्ग करण्यास त्याची लेखी संमती घ्यावी. नाहीतर तो ठेव काढून घेतो आणि नव्या मालकाला संपूर्ण ठेवीची मागणी येते. जोडणीधारकाचा मृत्यू झाला असेल तर वारसांनी नावाचा बदल लवकर करून घ्यावा. वर्षानुवर्षे जुन्याच नावाने बिल भरत राहिल्याने काही बिघडत नाही असे वाटते, पण परताव्याच्या वेळी सर्व वारसांच्या संमतीची जुळवाजुळव करावी लागते, आणि तोवर माणसे पांगलेली असतात.

घर सोडताना

परतावा अडतो तो बहुधा अंतिम रीडिंगपाशी. मी एकदा भाड्याचे घर सोडले, त्यापूर्वी जोडणी बंद करण्याचा अर्ज दिला होता. ठरलेल्या दिवशी रीडिंग घ्यायला कोणी आले नाही. जिन्याखालच्या कपाटात अंधार होता आणि मीटरच्या काचेवर धुळीचा थर बसला होता. काच पुसून मोबाइलच्या उजेडात मी दोन फोटो काढले : एकात मीटरचा क्रमांक आणि आकडे एकत्र दिसत होते, दुसऱ्यात त्याशेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र धरले होते. तीन महिन्यांनी नव्या पत्त्यावर जे आले ते परताव्याचे पत्र नव्हते; त्या रिकाम्या घराचे तीन महिन्यांचे सरासरी बिल होते, आणि ते ठेवीतून कापून उरलेली किरकोळ रक्कम देय दाखवली होती. फोटो आणि बंद करण्याच्या अर्जाची पोच जोडून पत्र दिले, तेव्हा अंतिम बिल नव्याने निघाले आणि ठेवीतून फक्त खरोखर वापरलेल्या दिवसांचे पैसे वजा झाले. ते दोन फोटो नसते तर माझ्याकडे सांगण्यासारखे शब्द होते, दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

म्हणून क्रम असा ठेवावा. जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जोडणी बंद करण्याचा अर्ज द्यावा आणि त्यात बंद करण्याची तारीख, परताव्यासाठी बँक खाते, नवा पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहावा. अंतिम रीडिंग आपल्यासमोर घ्यावे असे कळवावे. कोणी आले नाही तर स्वतः फोटो काढून त्याच दिवशी पाठवून द्यावा. जुन्या चक्राच्या मीटरवर लाल चौकटीतला शेवटचा अंक दशांशाचा असतो, तो युनिटमध्ये धरू नये. डिजिटल मीटरचा पडदा तारीख, वेळ, कमाल मागणी असे एकेक दाखवत जातो. शेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) ही अक्षरे दिसतील तोच आकडा टिपावा.

शेवटचे बिल ठेवीतून जाईलच, म्हणून ते न भरता निघून जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. जोडणी अधिकृतपणे बंद होईपर्यंत कंपनीच्या लेखी ते थकीत बिलच असते, त्यावर विलंब आकार चढतो, आणि जेथे थकबाकीची नोंद पत-अहवालात जाते तेथे पुढच्या घराची ठेवही त्यामुळे वाढते. अंतिम बिल भरून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला, तर ठेव अडवून ठेवायला कंपनीला कारण उरत नाही.

मूळ पावती हरवली असेल तर हातपाय गाळू नयेत. ठेवीचा आकडा छापलेले कोणतेही बिल हा कंपनीनेच दिलेला पुरावा असतो. त्यासोबत कंपनी मागेल त्या नमुन्यात पावती हरवल्याचे हमीपत्र दिले की काम पुढे सरकते. जेथे पुरवठादार बदलता येतो, तेथे जुन्या पुरवठादाराकडची ठेव आपोआप नव्याकडे जात नाही. ती जुन्याकडूनच परत मागावी लागते.

कंपनी ऐकत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. फोनवर बोललेल्याची तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वरची पायरी गाठावी. भारतात विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच स्थापन करावा लागतो आणि त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास लोकपालाकडे दाद मागता येते. ब्रिटनमध्ये हे काम ऊर्जा लोकपाल करतो, टेक्सासमध्ये तक्रार पब्लिक युटिलिटी कमिशनकडे नेता येते. या पायऱ्यांवर ग्राहकाला स्वतः उभे राहता येते. मात्र खालची पायरी वगळून थेट वर गेल्यास प्रकरण परत पाठवले जाते, म्हणून प्रत्येक पायरीवरची पोच जोडत जावे.

तक्रारीत मागणी आकड्यात असावी. ‘माझी ठेव परत मिळावी’ याऐवजी ठेव किती, कोणत्या तारखेपासून जमा, कोणत्या वर्षांचे व्याज मिळालेले नाही, अंतिम बिल किती, आणि वजावट करून किती येणे आहे, हे पाच आकडे एकाखाली एक लिहावेत. निर्णय देणाऱ्याला हिशेब तयार मिळाला तर तो तपासणे तेवढे त्याच्यावर उरते.

परतावा आल्यावर हेच पाच आकडे पुन्हा समोर ठेवून खात्यात जमा झालेली रक्कम पडताळावी. कमी आली असेल तर कपातीचे कारण लेखी मागावे आणि ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ अशा मजकुरावर तोवर सही करू नये. पूर्वी सोडलेल्या घरांच्या ठेवी मागितल्याच नव्हत्या असे आता आठवत असेल, तर त्या जोडण्यांची जुनी बिले शोधावीत. त्यांवरचा ग्राहक क्रमांक देऊन कंपनीला पत्र लिहिता येते. अमेरिकेत अशा न मागितलेल्या ठेवी ठरावीक काळानंतर राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या विभागाकडे जमा होतात आणि तेथे नाव शोधून दावा करता येतो. शोध घेताना आपल्यासोबत घरातल्या वडीलधाऱ्यांची नावेही टाकून पाहावीत.